गच्चीवरची वीज आणि तिचा जमाखर्च

आरंभीच एक खुलासा केलेला बरा. आम्ही वीजशास्त्रातले नव्हे, आणि अर्थशास्त्राची पदवीही आमच्याजवळ नाही. आमचे शिक्षण झाले ते पगारपत्रकांवर आणि कराराच्या मसुद्यांवर. परंतु कागदावरच्या आकड्यांतून माणसाच्या हातात प्रत्यक्ष काय पडते हे शोधण्याची सवय त्या कामात लागते, आणि सौर विजेचा प्रश्न, निदान घरमालकापुरता व दुकानदारापुरता, नेमका याच जातीचा आहे. त्यात विज्ञान थोडे, हिशेब फार.

पनवेलात हल्ली जुन्या गावठाणातल्या कौलारू घरांपासून नवीन पनवेल, खांदा वसाहत, कामोठ्याच्या इमारतींपर्यंत जागोजागी काळी-निळी पॅनेले दिसू लागली आहेत. बसवणाऱ्यास जो तो एकच प्रश्न विचारतो : ‘किती वर्षांत वसूल?’ विक्रेताही ठरलेले उत्तर देतो, ‘साहेब, चार वर्षे, मग पुढची एकवीस वर्षे फुकट.’ हे उत्तर खोटे नसते. पण ते सर्वांना सारखे कसे लागू पडेल? एकाच रस्त्यावरच्या दोन घरांवर एकाच दिवशी, एकाच कारखान्याचे पॅनेल बसले, तरी एकाचे पैसे दोन वर्षांत फिटतात आणि दुसऱ्याचे पाच वर्षे फिटत नाहीत. ऊन तर दोघांवर सारखेच पडते. मग फरक कशाचा? फरक आहे तो बिलाचा. म्हणून गच्चीवर चढण्यापूर्वी विजेचे बिल हाती घेऊन बसावे, असे आम्ही सर्वांना सांगतो.

महावितरणच्या घरगुती बिलात दराचे टप्पे असतात. महिन्याच्या पहिल्या १०० युनिटांना एक दर, १०१ ते ३०० पर्यंत दुसरा, ३०१ ते ५०० पर्यंत तिसरा आणि त्यापुढे चौथा. कारखान्यात काम केलेल्यांना हे एका वाक्यात कळेल. कायद्याप्रमाणे ठरल्या तासांपुढच्या कामाला दुप्पट दर मिळतो. विजेचे तसेच आहे, फक्त येथे ओव्हरटाईम आपण घेत नाही, देतो. पहिल्या शंभर युनिटांच्या दरापेक्षा पुढच्या दोनशेंचा दर दुपटीच्या आसपास असतो. त्यावर वहन आकार, इंधन समायोजन आणि १६ टक्के वीज शुल्क. याखेरीज स्थिर आकार निराळा, आणि तो पॅनेल बसवले तरी सुटत नाही. तेव्हा ‘बिल शून्य’ ही जाहिरातीतली भाषा आहे, हे प्रथमच समजून असावे.

आता पॅनेल काय देते ते पाहू. एक किलोवॅटला साधारण शंभर चौरस फूट मोकळी, सावली नसलेली जागा लागते. वर्षाची सरासरी काढली तर एक किलोवॅट दिवसाला चार युनिटांच्या आसपास वीज देतो, असे सर्वत्र सांगतात. पण आपण कोकणात राहतो. चैत्र-वैशाखात पाच युनिटेही मिळतील, आणि आषाढात सूर्यदर्शनच होत नाही तेव्हा दोनावर समाधान मानावे लागेल. म्हणून आम्ही हिशेबाला किलोवॅटमागे वर्षाची १,३०० युनिटे धरतो. जास्त मिळाली तर आनंदच आहे.

दिवसा तयार झालेली आणि घरात न खपलेली वीज नेट मीटरमधून महावितरणच्या तारांत जाते, रात्री आपण ती परत घेतो, आणि महिनाअखेर फक्त फरकाचे बिल येते. शिल्लक राहिलेली युनिटे पुढच्या महिन्यात ओढली जातात. हे खाते एप्रिल ते मार्च असे चालते. येथे कोकणाला एक आपसूक सोय झाली आहे : एप्रिल-मे मधली शिल्लक पावसाळ्यात उपयोगी पडते. परंतु मार्चअखेर जी शिल्लक उरेल ती पुढे जात नाही. तिचे पैसे आयोगाने ठरवलेल्या दराने मिळतात, आणि तो दर आपण भरतो त्या दराच्या पासंगालाही पुरत नाही. त्यामुळे गरजेपेक्षा मोठे पॅनेल बसवून ‘वीज विकून कमवू’ असे ज्यांना वाटते त्यांनी तो बेत सोडावा.

आणखी एक गोष्ट पुष्कळांना बसवल्यावर कळते. रस्त्याची वीज गेली की भर उन्हातही आपल्या पॅनेलची वीज बंद होते. आमच्या एका स्नेह्याने यावरून केवढा तरी संताप केला. ‘मग भाऊ, एवढे पैसे घातले कशाला?’ त्यांना आम्ही विचारले, ‘तार तुटली म्हणून वायरमन खांबावर चढलेला आहे, आणि तुमच्या गच्चीवरून त्या तारेत वीज येते आहे, चालेल काय?’ इन्व्हर्टर आपण होऊन बंद पडतो तो त्या माणसाच्या जिवासाठी. ज्यांना अंधारातही वीज हवी त्यांनी बॅटरी घ्यावी. पण बॅटरीने वसुलीची वर्षे लांबतात आणि ती पॅनेलच्या मानाने लवकर थकते. पनवेलसारख्या ठिकाणी घरापुरता तिचा आग्रह धरू नये असे आमचे मत आहे.

पॅनेलचा शोध तसा जुना. अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेने सिलिकॉनचा पहिला उपयोगी सौर घट जगाला दाखवला तो १९५४ साली, आणि तो अंगावर पडणाऱ्या उन्हापैकी सुमारे ६ टक्क्यांची वीज करी. आज बाजारातली पॅनेले २० टक्क्यांच्या वर गेली आहेत. परंतु खरा पालट किमतीत झाला. १९७५ च्या सुमारास एका वॅटला आजच्या मोलाने शंभर डॉलरच्या घरात पडत असे. आज नुसत्या पॅनेलचा वॅट डॉलरच्या एका लहानशा अंशात येतो. आमच्या दृष्टीने महत्त्वाची गोष्ट आणखी निराळी आहे. येथून एस. टी. ने तासाभराच्या वाटेवर खोपोली आहे. लोणावळ्याच्या तळ्यांचे पाणी घाटाखाली उतरवून टाटांनी तेथे १९१५ साली जलविद्युत केंद्र चालू केले, आणि ती वीज गेली मुंबईच्या कापडगिरण्यांना. धरण, नळ, जनित्र यांना लागणारे भांडवल असे, की वीज करणारा नेहमी मोठाच असावयाचा. पॅनेलचे तसे नाही. दहा किलोवॅटचा किलोवॅट आणि एका किलोवॅटचा किलोवॅट यांच्या किमतीत फार अंतर नसते. वीज तयार करणे हे प्रथमच गिरणीमालकाबरोबर गिरणीकामगाराच्याही आवाक्यात आले. आवाक्यात आले खरे, पण फायदा सारखा मिळतो काय? आता आकडे मांडू.

केंद्र शासनाची ‘पी. एम. सूर्यघर मोफत वीज योजना’ २०२४ च्या फेब्रुवारीत आली. तिची मुदत २०२६-२७ या आर्थिक वर्षापर्यंत आहे. तीत एका किलोवॅटला ३०,००० रुपये, दोनांस ६०,००० आणि तीन किंवा त्याहून अधिक किलोवॅटांस ७८,००० रुपये अनुदान आहे. अनुदान हवे तर पॅनेल आणि त्यातले घट दोन्ही भारतात बनलेले हवेत. असे पॅनेल परदेशी घटांच्या पॅनेलपेक्षा महाग पडते, म्हणून दोन विक्रेत्यांच्या दरपत्रकांची तुलना करताना हे आधी विचारावे. अनुदान पॅनेल बसून, तपासणी होऊन, मीटर लागल्यावर बँकेत जमा होते. तोवर रक्कम आपल्यालाच उभी करावी लागते. राष्ट्रीयीकृत बँका तीन किलोवॅटपर्यंत दोन लाखांचे कर्ज तारणाशिवाय देतात. पतपेढीच्या व्याजाने काढण्यापूर्वी तेथे चौकशी करावी.

उदाहरणासाठी सर्व आकार व शुल्क धरून पहिल्या टप्प्याचे युनिट ७ रुपये, दुसऱ्याचे १३ रुपये मानू. आपल्या बिलावरचे आकडे निराळे असतील; ते घालून हिशेब पुन्हा करावा. महिना ३०० युनिटे जाळणारे एक घर घ्या. पहिल्या शंभरांचे ७०० आणि पुढच्या दोनशेंचे २,६००, मिळून ३,३०० रुपये. या घराने दोन किलोवॅट बसवले. किंमत १,३०,००० धरली, अनुदान वजा जाता खिशातून ७०,००० गेले. पॅनेल महिन्याला सरासरी २१७ युनिटे देते. ही २१७ युनिटे बिलातून वजा होतात ती वरच्या टोकाकडून, म्हणजे आधी ओव्हरटाईमची दोनशे आणि मग साध्या दराची सतरा. बचत झाली २,७१९ रुपयांची. वर्षाचे सुमारे ३२,६००. सत्तर हजार फिटायला दोन वर्षे आणि दोन महिने पुरतात.

येथवर विक्रेता आणि आम्ही एकमताचे. पण विक्रेता म्हणतो, ‘तीनच बसवा, अनुदान पूर्ण मिळेल.’ तीन किलोवॅटची किंमत १,९०,००० धरली तर अनुदान जाऊन १,१२,००० पडतात. बिलातली सगळी युनिटे गेली, वर्षाची बचत ३९,६००. एकंदर पाहिले तर पावणेतीन-तीन वर्षांत वसूल, कोणीही भुलेल. परंतु तिसरा किलोवॅट एकटा बाजूला काढून पाहा. त्याच्यासाठी जादा गेले ४२,०००, आणि त्याने वर्षाला जादा वाचवले सुमारे ७,०००, कारण त्याच्या वाट्याला उरली होती ती सगळी सात रुपयांची युनिटे. त्याला फिटायला सहा वर्षे लागतात. पहिल्या दोघांच्या कमाईवर तिसऱ्याची हजेरी लागते, आणि सरासरी काढली की तोही कामसू दिसतो. घरात पुढे विजेवरची गाडी किंवा आणखी एक ए. सी. येणार असेल तर गोष्ट वेगळी.

आता दुसरे घर. महिन्याला ९० युनिटे, दोन खोल्या, दोन पंखे, टी. व्ही., फ्रिज. त्याचे बिल ६३० रुपये. एक किलोवॅटची किंमत ६८,००० धरू. अनुदान जाऊन ३८,०००. वर्षाची बचत ७,५६०. म्हणजे पाच वर्षे. मोठे बिल भरणाऱ्याचे पैसे लवकर सुटतात, काटकसर करणाऱ्याचे उशिरा. हा कोणाचा दुष्टपणा नव्हे. टप्प्यांचा दर गरिबाला सवलत देण्यासाठीच केलेला आहे आणि तो योग्यच आहे. मात्र ज्याला विजेत सवलत आहे त्याला पॅनेलमध्ये लाभ कमी, हे ओघाने आले. महाराष्ट्र शासनाच्याही ते ध्यानात आले असावे, कारण २०२५ मध्ये दारिद्र्यरेषेखालील व शंभर युनिटांखालच्या ग्राहकांसाठी केंद्राच्या अनुदानावर राज्याची भर घालणारी ‘स्मार्ट’ योजना मंजूर झाली. अशा घरांनी ती पाहिल्यावाचून स्वतःचे पैसे घालू नयेत.

पण या शहरातल्या बहुसंख्य कामगारांची अडचण याच्याही आधी सुरू होते. त्यांना छप्परच नाही. कोणी भाड्याने राहतो, कोणी चार मजल्यांच्या सोसायटीत दुसऱ्या मजल्यावर. गच्ची संस्थेची, तीवर चाळीस बिऱ्हाडांनी आपापली पॅनेले मांडायची म्हटली तर टाक्या आणि जिन्याची खोली सोडून जागा उरते किती?

आम्ही राहतो त्या इमारतीत हा प्रश्न सर्वसाधारण सभेपुढे आला तेव्हा तीन तास गेले. वरच्या मजल्यावरचे काका म्हणाले, ‘भोके पाडलीत की गळती माझ्याकडे.’ खालच्या मजल्यावरचे म्हणाले, ‘गच्ची माझीही आहे, पण आधी अर्ज करणाऱ्यांनी जागा अडवली तर आम्ही काय चाटायचे?’ दोघांचेही खरे होते. आलेल्या विक्रेत्याने तर इमारत पुरती न पाहताच दहा किलोवॅटांचे दरपत्रक टाईप करून आणले होते. शेवटी कोणीतरी लिफ्ट आणि पंपाचे बिल काढले, आणि आम्हांला वाटते, त्या कागदाने सभा वाचवली.

निवासी इमारतीच्या लिफ्ट, पंप, जिन्याचे दिवे यांचा मीटर निवासी दरानेच आकारला जातो. चाळीस घरांचा तो एकच मीटर, म्हणून बहुतेक युनिटे सर्वांत वरच्या टप्प्यात पडतात. महिन्याला १,२०० युनिटे धरा आणि वरच्या टप्प्याचा दर उदाहरणादाखल १८ रुपये. येथे पाच किलोवॅट बसवले तर महिन्याची सुमारे ५४० युनिटे वजा होतात आणि त्यातले एकही युनिट स्वस्त दराचे नसते. बचत महिन्याला साधारण ९,७५० रुपये. किंमत २,७५,००० धरली, संस्थांना सामायिक सोयींसाठी किलोवॅटमागे १८,००० प्रमाणे ९०,००० अनुदान मिळाले, तर राहिले १,८५,०००, घरटी ४,६२५. एकोणीस महिन्यांत फिटतात. मघाच्या दोन्ही घरांपेक्षा लवकर! अनुदानाचा दर येथे सर्वांत कमी असूनही सर्वांत चांगला व्यवहार येथेच होतो, आणि नव्वद युनिटे जाळणाऱ्या घराला तीनशेवाल्याइतकाच वाटा मिळतो. एका गच्चीची वीज अनेक मीटरांवर वाटून देण्याची, ज्याला व्हर्च्युअल नेट मीटर म्हणतात, तशी पद्धतही केंद्राच्या योजनेत मान्य आहे. पण आमचा सल्ला असा, की सोसायटीने आधी सामायिक मीटर घ्यावा.

जागा निवडताना सावलीची परीक्षा हिवाळ्यात करावी, कारण तेव्हा सूर्य दक्षिणेकडे कललेला असतो. पॅनेले एकामागे एक सलग जोडलेली असतात. एकावर टाकीची सावली पडली तर साऱ्या रांगेचा वेग उतरतो, जसा पट्ट्यावरच्या कामात सर्वांत संथ हाताचा वेग तो साऱ्या खात्याचा वेग होतो. शेजारी मोकळा भूखंड असेल तर तेथे किती मजले येणार याची चौकशी करावी. विमानतळामुळे पनवेलभोवती काय उंचीच्या इमारती उठत आहेत ते आपण पाहतोच. सांगाडा जस्ताचा मुलामा दिलेला असावा, आणि ३ जून २०२० चे निसर्ग वादळ आठवून त्याचे बोल्ट स्वतः पाहावेत. पंचवीस वर्षांची हमी असते ती पॅनेलच्या उत्पादनाची. इन्व्हर्टर मधे एकदा तरी बदलावा लागेल, त्याचे तीस-चाळीस हजार आजच वेगळे धरावेत.

दुकानदार व लहान कारखानदारांसाठी गणित निराळे. त्यांना हे अनुदान नाही. उलट त्यांचा दर घरगुती पहिल्या टप्प्यापेक्षा कितीतरी चढा असतो आणि काम दिवसा चालते, त्यामुळे पॅनेलची वीज जागच्या जागी खपते. शिवाय आयकरात पॅनेलवर ४० टक्के घसारा मिळतो. नफ्यात असलेल्या धंद्याला ही मोठी सवलत आहे, तोट्यातल्याला कागदी. तळोजा औद्योगिक वसाहतीत ज्यांना वेळेनुसार दर लागू आहेत त्यांनी एक पाहावे : उन्हाच्या तासांत विजेचा दर आता कमी ठेवला जातो, म्हणजे पॅनेल वाचवते ती वीज नेमकी स्वस्त वेळेची असते. वर्षाच्या सरासरी दराने केलेला हिशेब तेथे फसवा ठरेल. काही कंपन्या स्वतःच्या खर्चाने पॅनेल बसवून वीस-पंचवीस वर्षे ठरल्या दराने वीज विकतात. अशा करारात पहिला दर छापलेला असतो मोठ्या अक्षरांत. दरवर्षी त्यात किती टक्के वाढ आणि मधेच जागा विकली तर काय, हे वाचायला शेवटच्या पानापर्यंत जावे लागते. करार शेवटाकडून वाचण्याची सवय आम्हांला संघटनेत लागली, ती येथेही उपयोगी आहे.

राहिला एक प्रश्न, जो आमच्यासारख्याने टाळू नये. २०२२ साली अदानी समूहाच्या कंपनीने भांडुपपासून नवी मुंबई, पनवेल, तळोजा, उरणपर्यंतच्या पट्ट्यात समांतर वीजवितरणाचा परवाना मागितला. त्याविरुद्ध महावितरण, महापारेषण व महानिर्मिती येथील कामगार-अभियंत्यांनी ४ जानेवारी २०२३ पासून ७२ तासांचा संप पुकारला. शासनाशी बोलणी होऊन तो त्याच दिवशी मागे घेतला गेला. कामगारांचे एक म्हणणे असे होते, की चढ्या दराने बिल भरणारे ग्राहक या पट्ट्यातून निघून गेले तर शेतकऱ्याचा आणि शंभर युनिटांखालच्या घराचा भार कोण उचलणार? आम्हांला ते म्हणणे पटले होते, आजही पटते. पण प्रामाणिकपणे पाहिले तर गच्चीवरचे पॅनेल हेच काम थोड्या प्रमाणात करते. वरच्या टप्प्याचे युनिट वाचले म्हणजे महावितरणचे तेवढे उत्पन्न बुडाले. खांब, तारा, रोहित्रे, वायरमन यांचा खर्च मात्र जागच्या जागी राहतो, आणि रात्री आपणही त्याच तारांवर असतो.

म्हणून पॅनेल बसवू नये, असे आम्ही म्हणत नाही. परंतु हा भार कधी तरी कोणावर तरी पडणार हे धरून चालावे. राज्यातील गच्च्यांची क्षमता ५,००० मेगावॅट होईपर्यंत जाळ्याच्या वापराचा वेगळा आकार लावू नये, असे नियामक आयोगाने २०२० च्या दर आदेशात ठरवले होते. म्हणजे तो आकार कल्पनेत आधीपासून आहे. नेट मीटरचे नियम २०१५ साली आले, २०१९ साली बदलले, पुढेही बदलतील. पॅनेल पंचवीस वर्षे टिकेल, नियम तितके टिकतील याची हमी कोणी देत नाही. यास्तव जो किलोवॅट तीन वर्षांत फिटतो तो आजच्या नियमांवर विसंबून खुशाल घ्यावा. सहा वर्षे घेणाऱ्या त्या तिसऱ्या किलोवॅटचा विचार दोनदा करावा.

आमच्या सोसायटीने पाच किलोवॅट घेतले. दरपत्रके तीन मागवली होती. त्यांतल्या एकातही, गच्चीच्या कठड्यावर आणि पत्र्याच्या शेडवर उभी राहून सत्तावीस-अठ्ठावीस किलोचे एकेक पॅनेल उचलणारी जी मुले येणार, त्यांच्या पट्ट्याचा, दोराचा किंवा विम्याचा उल्लेख नव्हता. विचारले तेव्हा एकजण म्हणाला, ‘साहेब, ती ठेकेदाराची माणसे.’ आम्ही करारात एक कलम वाढवले : सुरक्षापट्टा बांधल्यावाचून कोणी वर चढणार नाही, आणि विम्याची प्रत सेक्रेटरीच्या हाती दिल्यावरच पहिला हप्ता मिळेल. दोघांनी दर वाढवून मागितला. तिसऱ्याने तोच ठेवला. काम त्याला दिले, आणि पट्टे खरोखर बांधले जातात की नाही हे पाहायला दोन दिवस वरच्या मजल्यावरचे काका स्वतः गच्चीत खुर्ची टाकून बसले होते.